पहिला तास कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लष्करातून निवृत्त झालेला माणूस शेजारी राहायला आला की लोक त्याला युद्धाबद्दल विचारतात. युद्ध होईल का, झालेच तर किती दिवस चालेल, असे ते प्रश्न असतात. मी खांदेश्वरला राहतो. तिथे मला अलीकडे वेगळाच प्रश्न ऐकू येतो. "साहेब, उद्या कोणी लोकलमध्ये विषारी वायू सोडला, नाहीतर रोगाचे जंतू पसरवले, तर मिलिटरी आपल्याला वाचवेल का?" विचारणारे घाबरट नसतात. रोज हार्बर लाइनने मुंबईला जाणारी, घरी मुलेबाळे आणि म्हातारे आईवडील असलेली ही माणसे आहेत. त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे, म्हणून आजचे हे भाषण.

माझे उत्तर असे आहे की लष्कराची तयारी आहे, ती खरी आहे आणि वर्षानुवर्षे वाढत आलेली आहे. पण अशा हल्ल्यात माणसे जगतात की मरतात हे बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात ठरते, आणि त्या तासात लष्कर तुमच्याजवळ नसते.

आधी तयारीविषयी सांगतो. लष्कराच्या भाषेत या विषयाचे तीन भाग पडतात. पहिला ओळख, म्हणजे हवेत काय आहे ते कळणे. दुसरा संरक्षण, म्हणजे मुखवटा, पोशाख आणि उतारा. तिसरा निर्विषीकरण, म्हणजे माणसे, वाहने आणि जागा धुऊन पुन्हा वापरण्याजोगी करणे. या तिन्ही कामांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याला दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये आण्विक, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचे शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग आहे. दूषित भागात शिरून आतल्या आत मोजमाप करणारे आणि धोक्याच्या हद्दीवर खुणा लावणारे चिलखती वाहन अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन संस्थेने विकसित केले. रासायनिक अस्त्र हवेत आहे हे ओळखून भोंगा देणारे यंत्र ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केले. तशा २२३ यंत्रांच्या खरेदीचा करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केला.

नागरी भागासाठी २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. पूर आला, इमारत कोसळली की दिसणारे नारिंगी पोशाखातले जवान आपल्या ओळखीचे आहेत. त्याच जवानांना रासायनिक आणि जैविक आपत्तीचेही प्रशिक्षण मिळालेले असते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

नोकरीत असताना मी स्वतः हा पोशाख घालून सराव केलेला आहे. कोळशाचा थर असलेला जाड पोशाख, रबरी बूट, हातमोजे आणि तोंडावर मुखवटा. पुण्यातल्या मे महिन्यात वीस मिनिटांत बुटात घामाचे पाणी साचते. काचेवर वाफ धरते, शेजाऱ्याने ओरडून सांगितलेले अर्धेच ऐकू येते, साधी गाठ मारायला दोन मिनिटे लागतात. त्या पोशाखात मी शिकलो ते एवढेच की साधन घालणाऱ्याचे रक्षण करते. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि पोहोचल्यावर कामही सावकाशच होते.

आता खांदेश्वरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला तळोज्याची औद्योगिक वसाहत. घाटाच्या बाजूला पाताळगंगा आणि नावातच रसायन असलेले रसायनी. खाडीच्या बाजूला न्हावा-शेवा बंदर आणि उरण. कळंबोलीला द्रुतगती महामार्ग सुरू होतो आणि क्लोरिन, अमोनिया, आम्ले, द्रवरूप गॅस असे सारे काही टँकरमधून आपल्या दारावरून जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तोही जवळच आहे. सुदुंबरे घाटापलीकडे, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. एनडीआरएफची पथके मुंबईतही असतात. पण पनवेलपर्यंतचा सायनचा रस्ता संध्याकाळी सात वाजता कसा असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

दहशतवाद्याला प्रयोगशाळेत विष तयार करण्याची गरज असतेच असे नाही. २००७ मध्ये इराकमध्ये क्लोरिनच्या टाक्या भरलेल्या ट्रकांचे बाँब करून ते गावांत फोडले गेले. म्हणून औद्योगिक अपघाताची तयारी आणि हल्ल्याची तयारी या दोन वेगळ्या फायली मानू नयेत, असे मला वाटते. नाकात शिरणाऱ्या वायूला तो कोणी सोडला हे माहीत नसते.

पहिला तास कसा असतो, याचा सर्वांत स्पष्ट धडा टोकियोने दिला. २० मार्च १९९५ च्या सकाळी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत सारिन नावाचे द्रव भरलेल्या पिशव्या ठेवल्या आणि छत्रीच्या टोकाने फोडल्या. गाडीतला ओलावा कसला आहे हे न कळल्याने तो पुसायला गेलेले स्टेशनचे कर्मचारी त्यात प्राणाला मुकले. हजारो लोक रुग्णालयांकडे धावले. एकट्या सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले. त्यांतले फार थोडे रुग्णवाहिकेने आले. बाकीचे पायी, टॅक्सीने किंवा कोणाच्या तरी गाडीतून आले. त्यांचे कपडे कोणी उतरवले नाहीत, कारण काय झाले आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्या कपड्यांतून येणाऱ्या वाफेने रुग्णालयातल्या सुमारे चौथाई कर्मचाऱ्यांना त्रास झाला.

जपानच्या सैन्याची रासायनिक तुकडी आली, तिने डबे आणि स्टेशने धुतली, ते काम उत्तम झाले. पण हे सारिन आहे, हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? नऊ महिन्यांपूर्वी मात्सुमोतो शहरात याच पंथाने सारिन सोडले होते. तिथल्या रुग्णांवर उपचार केलेल्या एका डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवर टोकियोची दृश्ये पाहिली, लक्षणे ओळखली आणि स्वतःहून टोकियोच्या रुग्णालयाला फोन केला. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. सारिनवरचा एक उतारा टोकियोत पुरेसा नव्हता. शहरात त्याचे काम काय? तो लागे खेड्यांत, कीटकनाशकाची विषबाधा झालेल्यांसाठी. तेव्हा औषध पुरवणाऱ्या कंपनीने तो बुलेट ट्रेनने वाटेतल्या शहरांतून गोळा करत टोकियोत आणला.

श्रोतेहो, इथे आपला संबंध येतो. सारिन आणि आपल्या शेतावर फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके एकाच रासायनिक कुळातली आहेत. शरीरावर त्यांचा परिणाम एकाच तऱ्हेने होतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि पाणी वाहते, श्वास कोंडतो, झटके येतात. उताराही तोच, ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वॉर्डांतून रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी जे पाहिले, ते पाठ्यपुस्तकातल्या 'नर्व्ह गॅस'च्या प्रकरणाशी जुळणारे आहे. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी बाहुल्या पाहून ॲट्रोपिनची सुई भरतो. ते ज्ञान महाराष्ट्राच्या खेड्यात रोजच्या वापरात आहे. खांदेश्वर, कामोठे, पनवेलच्या चकचकीत रुग्णालयांतल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे ते आहे का आणि कपाटात किती इंजेक्शने आहेत, हे मला मुखवट्यांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.

आपल्या जवळची दोन उदाहरणे घ्या. १४ जुलै २०१० रोजी पहाटे शिवडीला बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून असलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरांपैकी एक गळू लागला. शंभरहून अधिक लोकांना बाधा झाली. विझवायला आणि वाचवायला धावलेल्यांतलेही काही जण त्यात होते. तिथे ना अतिरेकी होता, ना शत्रू.

दुसरे उदाहरण विशाखापट्टणमचे. ७ मे २०२० च्या पहाटे तीनच्या सुमारास एका प्लास्टिक कारखान्यातून स्टायरिनची वाफ वस्तीत पसरली. बारा माणसे गेली. केंद्र सरकारने पुण्याहून एनडीआरएफचे खास पथक आणि नागपूरच्या नीरी संस्थेचे तज्ज्ञ तिकडे पाठवले. आपल्या राज्यातली ही तज्ज्ञता देशाच्या कामी आली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पथक निघाले तोवर झोपेतून उठून पळताना रस्त्यात कोसळलेल्या माणसांना शेजाऱ्यांनी आणि पोलिसांनी उचलून नेलेले होते.

रासायनिक हल्ला निदान लगेच दिसतो. जैविक हल्ला दिसत नाही, तो साध्या आजारासारखा येतो. हे सारे परदेशातले, असेही समजू नका. १९३३ सालची गोष्ट आहे. पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाला हावडा स्टेशनच्या गर्दीत कोणीतरी दंडाला टोचले. आठ दिवसांनी तो प्लेगने मेला. मालमत्तेसाठी सावत्र भावाने एका डॉक्टरला हाताशी धरून हा खून करवला होता. प्लेगचे जंतू मिळवण्यासाठी ते मुंबईला आले होते. परळच्या हाफकिन संस्थेकडून ते सहजी मिळेनात, तेव्हा संशोधनाचे निमित्त सांगून त्या डॉक्टरने आर्थर रोडच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, प्रवेश मिळवला. खटला चालला, फाशी झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. एका माणसाला मारण्यासाठी जंतू वापरले गेले, आणि ते आपल्या शहरातून नेले गेले.

दुसरी गोष्ट १९८४ ची. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून अमेरिकेतल्या ऑरेगनला गेलेल्या रजनीश पंथातल्या काही जणांनी स्थानिक निवडणूक जिंकण्याच्या खटाटोपात तिथल्या हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू कालवले. ७५१ माणसे आजारी पडली. कोणी दगावले नाही. पण हा घातपात होता, हे सिद्ध व्हायला वर्ष गेले. तोवर दोष हॉटेलच्या कामगारांच्या अस्वच्छ हातांना दिला गेला.

मग असा हल्ला ओळखायचा कोणी? सीमेवरचा जवान ओळखू शकत नाही. ओळखतो तो दवाखान्यात बसलेला डॉक्टर, ज्याला एकाच आठवड्यात एकाच गल्लीतले सारख्याच तापाचे पाच रुग्ण दिसतात आणि जो ते वर कळवतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतला फुप्फुसाचा प्लेग उसळला. पन्नासहून अधिक माणसे मेली. पण लाखो माणसे दोन-चार दिवसांत शहर सोडून पळाली, अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलूप लावले, आणि आगगाड्या भरभरून लोक मुंबईकडे आले. जंतूंनी केले त्याहून मोठे नुकसान अफवेने केले. अतिरेक्याला नेमके तेच हवे असते. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पत्रांनी पाच माणसे मेली. त्यानंतर जगभर पांढऱ्या पुडीच्या पाकिटांनी कचेऱ्या रिकाम्या केल्या. बहुतेक पुड्यांत पीठ नाहीतर पावडर होती.

या बाबतीत आपण पुढे गेलो आहोत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत अतिधोकादायक विषाणूंवर काम करणारी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. बसमधून नेता येणारी फिरती प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली आणि पुढे केरळात निपाहच्या साथीत वापरली गेली. करोनाच्या दिवसांत नमुने, तपासण्या आणि विलगीकरण हे शब्द चाळीचाळीत पोहोचले. पण प्रयोगशाळेपर्यंत नमुना कोणीतरी पाठवावा लागतो.

आता आपण काय करायचे, ते सांगतो. वायूचा उग्र वास आला, डोळे चुरचुरू लागले, तर पहिल्यांदा वारा कुठून येतो ते पाहा. झाडाची फांदी, दोरीवरचा कपडा, काहीही पुरते. वाऱ्याच्या आडवे, बाजूला निघा. वायूच्या पुढे वाऱ्याबरोबर पळू नका. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, तो तळघरात आणि नाल्यात साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जा. घरात असाल तर खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद करा, फटींना ओले फडके लावा, नाकातोंडावरही ओले फडके धरा. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर वायूचा मारा झाला, तेव्हा लाहोर डिव्हिजनच्या आपल्या जवानांकडेही नाकातोंडावर धरायला ओल्या फडक्याखेरीज दुसरे काही नव्हते.

अंगावर काही उडाले असेल तर कपडे लगेच उतरवा. डोक्यावरून ओढू नका, कापा. एवढ्यानेच अंगावरचे बहुतेक विष जाते. मग साबण आणि भरपूर पाणी. लाज वाटेल, पण चादर गुंडाळून जगलेला माणूस बरा. दुसऱ्याला मदत करताना हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घाला. अनोळखी द्रव पुसू नका, पुडी हुंगू नका. ११२ वर फोन करताना जागा, वास, रंग आणि किती माणसे पडली, एवढे चार शब्दांत सांगा.

टँकर उलटलेला दिसला तर त्याच्या पाठीवरची नारिंगी-पांढरी पाटी लांबूनच वाचा. तिच्यावर चार आकडे असतात. १०१७ म्हणजे क्लोरिन, १००५ म्हणजे अमोनिया. ते चार आकडे फोनवर सांगितलेत तर बंबवाल्यांना काय घेऊन निघायचे ते कळते. फोटो काढायला जवळ जाऊ नका.

आणि प्रशासनाने काय करायचे? नियमांची वाण नाही. रासायनिक अपघातांचे नियम १९९६ पासून आहेत, त्यांत जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्कालीन गट नेमायला सांगितले आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तीची आणि २००९ मध्ये खास रासायनिक दहशतवादाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात आपले उरणही होते. भोंगे वाजले, दिवे मालवले. चांगले झाले.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या दाराबाहेर, आत घेण्याआधी, माणसाला धुता येईल असे नळ आणि आडोसा असावा. उताऱ्याची औषधे पनवेल परिसरात कुठे, किती आहेत, याची यादी एका ठिकाणी असावी आणि ती दर सहा महिन्यांनी तपासावी. सोसायट्यांच्या वॉचमनना, रिक्षावाल्यांना, स्टेशनवरच्या सफाई कामगारांना वर्षातून एक दिवस हे शिकवावे, कारण ओलावा पुसायला प्रथम तेच जातात. आणि एखादा सराव सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर न घेता संध्याकाळी सात वाजता, लोकल रिकामी होते त्या वेळी, खांदेश्वर स्टेशनवर घ्यावा. लोक कुरकुरतील, गाडी दहा मिनिटे उशिरा सुटेल. पण जिना कुठे अडतो, घोषणा कुठे ऐकू येत नाही आणि रुग्णवाहिका कुठे उभी राहते, हे त्या दहा मिनिटांत कळेल.

लष्कर येईल, एनडीआरएफ येईल. ते येतील तेव्हा त्यांना वाचवण्यासाठी जिवंत माणसे सापडावीत, एवढी तयारी आपल्याला इथेच करून ठेवायची आहे. आपापल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंग आणि पाणीपट्टीनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या, ही विनंती.